बारीक जिग, बारीक तंगूस आणि गाठीची जागा

गोठलेल्या तलावावर मासे धरायला जाणार असाल तर जिग घरीच बांधून घ्या. बर्फावर बसून, हातमोजे काढून, वाऱ्यात ते काम होत नाही. माझा भाचा मिनेसोटात नोकरीला आहे. तिथले तलाव डिसेंबरपासून मार्चपर्यंत गोठलेले असतात. लोक बर्फाला भोक पाडतात, त्यातून तंगूस सोडतात आणि ब्लूगिल, क्रॅपी, पर्च असे मासे धरतात. त्याला व्हिडिओ कॉलवर गाठी शिकवता शिकवता वाटलं, हे एकदा नीट लिहूनच काढावं. मी नागपूरचा. सीताबर्डीत घड्याळं दुरुस्त करतो आणि सुटीला रामटेकच्या खिंडसी तलावावर गळ घेऊन बसतो. आमच्याकडे थंडी कितीही पडली तरी पाणी गोठत नाही, पण बारीक गळाला बारीक तंगूस बांधायची रीत दोन्हीकडे एकच.

जिग म्हणजे ज्याच्या मानेवर धातूचं डोकं ओतलेलं असतं असा गळ. बर्फावरच्या जिगा फार लहान असतात. 1/32 औंसाची जिग म्हणजे जेमतेम 0.9 ग्रॅम. डोकं शिशाचं किंवा टंगस्टनचं. टंगस्टन शिशापेक्षा सुमारे पावणेदोन पट जड, म्हणून तेवढ्याच वजनाचं डोकं आणखी लहान होतं आणि पाण्यात भरकन खाली जातं. तंगूसही तसाच बारीक हवा, 2 ते 4 पौंडाचा, म्हणजे तेवढ्या वजनाची ओढ सोसणारा. जाड तंगूस एवढ्याशा वजनाने सरळच होत नाही. त्याची वेटोळी तशीच राहतात आणि माशाने तोंड लावलेलं हाताला कळत नाही.

आधी नेढं बघा. जिगेवर रंग चढवताना तो बरेचदा नेढ्यातही भरतो. जुन्या गळाच्या टोकाने किंवा शिवणाच्या सुईने तो काढून टाका. नेढ्याच्या कडेला रंगाची एक जरी खपली राहिली तरी ती तंगूस कापते. मी हे काम डोळ्याला भिंग लावून करतो. तुमच्याकडे भिंग नसेल तर टेबलावर पांढरा कागद घाला, दिवा बाजूला ठेवा आणि जिग बारीक पक्कडीत किंवा लहान शिकंज्यात अडकवा. गळाचं टोक तुमच्यापासून लांब असू द्या.

आता गाठ. पहिली शिकायची ती वेढ्यांची, जिला तिकडे क्लिंच म्हणतात. तंगूसाचं टोक तिरकं कापा, म्हणजे नेढ्यात सहज शिरतं. ते आरपार काढून 12 ते 15 सेंटिमीटर मोकळं ठेवा. मग हे मोकळं टोक मुख्य तंगूसाभोवती सहा-सात वेळा गुंडाळा. तंगूस जितका बारीक तितके वेढे जास्त, हे लक्षात ठेवा. जाड तंगूसाला पाचही खूप झाले. नेढ्याला लागूनच एक लहान फट तयार होते, टोक तिच्यातून काढा. असं केल्यावर वर एक मोठा फास उरतो, त्यातूनही टोक काढून घ्या. आता गाठ थुंकीने ओली करा आणि मुख्य तंगूस हळूहळू ओढा.

ओलं करणं टाळू नका. कोरडा तंगूस स्वतःवरच घासतो, तापतो आणि तिथेच कमजोर होतो. फ्लुरोकार्बन नावाच्या प्लास्टिकचा तंगूस ताठ असतो, त्याला तर हे जास्तच लागू. भिंगाखाली बघितलं की फरक स्पष्ट दिसतो. नीट बसलेल्या गाठीत वेढे एकाशेजारी एक, काचेसारखे पारदर्शक असतात. कोरड्या ओढलेल्या गाठीत एखादा वेढा दुसऱ्यावर चढलेला आणि तंगूस पांढुरका, खरखरीत झालेला दिसतो. अशी गाठ कापून टाका, तिच्यावर वेळ घालवू नका. आणि मासा सुटून रिकामा तंगूस हातात आला तर आधी त्याचं टोक बघा. टोक कुरळं झालेलं असेल तर गाठ सरकून सुटली, म्हणजे वेढे कमी पडले किंवा पूर्ण आवळले नव्हते. टोक सरळ तुटलेलं असेल तर तंगूस घासला किंवा कापला गेला.

उरलेलं टोक 1 ते 2 मिलिमीटर ठेवून नेलकटरने कापा. कापलेले तुकडे खिशात घाला, काठावर किंवा बर्फावर अजिबात टाकू नका. तंगूस कुजत नाही आणि पाखरांचे पाय त्यात अडकतात.

पालोमार नावाची गाठही चांगली आहे, मजबूत आणि सोपी. पण तिला तंगूस दुहेरी करून नेढ्यातून काढावा लागतो, आणि एवढ्या लहान जिगेच्या नेढ्यात दुहेरी तंगूस बरेचदा शिरतच नाही. शिरला तर जरूर वापरा.

गाठ पक्की झाली म्हणजे काम संपलं, असं बहुतेक जण धरून चालतात. माझ्या मते खरं काम इथून पुढे. ज्या जिगेचं नेढं पाठीवर असतं ती पाण्यात आडवी तरंगली पाहिजे, बारीक किडा तरंगतो तशी. गाठ नेढ्याच्या पुढच्या अंगाला सरकली की जिग शेपटीकडे झुकते, मागे सरकली की तोंडावर पडते. बर्फाखालचं पाणी थंड असतं, मासा सुस्त असतो. तो धावत येऊन गिळत नाही, जवळ येऊन बघत राहतो. तिरकी लोंबणारी जिग त्याला पटत नाही. म्हणून बांधून झाल्यावर तंगूस धरून जिग डोळ्यांसमोर लोंबकळू द्या आणि नखाने गाठ सरकवत ती आडवी होईपर्यंत बसवा. प्रत्येक माशानंतर गाठ जागची हलते. भाच्याला मी हेच पुन्हा पुन्हा सांगतो: मासा काढला की आधी गाठ बघ, मग जिग पाण्यात सोड.

उभ्या लोंबणाऱ्या जिगेला, जिचं नेढं टोकाला असतं, फास ठेवलेली गाठ बरी. नेढ्यात ओवण्याआधी तंगूसाला एक साधी सैल गाठ मारा. टोक नेढ्यातून काढून त्या सैल गाठीतून, जिथून बाहेर आलं त्याच बाजूने, परत घाला. मुख्य तंगूसाभोवती सहा-सात वेढे द्या आणि पुन्हा त्याच गाठीतून परत आणा. ओलं करा, आवळा. फास 3-4 मिलिमीटरपेक्षा मोठा नको. सैल गाठ नेढ्याच्या जितकी जवळ तितका फास लहान, म्हणून ते आधीच ठरवा.

राहिला पीळ. हलकी जिग भोकातून वर-खाली करताना गरगर फिरते आणि तंगूसाला पीळ पडतो. त्यावर उपाय म्हणजे सर्वांत लहान आकाराची फिरकी कडी. 40-50 सेंटिमीटरचे तुकडे कापा, एका टोकाला जिग, दुसऱ्या टोकाला कडी बांधा आणि फोमच्या पट्टीवर गुंडाळून ठेवा. पट्टीवर पेनाने तंगूस किती पौंडाचा ते लिहा. मग बर्फावर एकच गाठ मारायची उरते, तीही कडीच्या मोठ्या भोकात, जी गारठलेल्या बोटांनाही जमते.