घरच्या ग्रुपला दुसरं ॲप कसं लावायचं

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरच्या ग्रुपात बावीस जण आहेत, आजीपासून पुण्याला नोकरी करून राहिलेल्या पोट्ट्यांपर्यंत, अन् सगळा कारभार एकट्या व्हॉट्सॲपवर. जोडीला दुसरं ॲप कसं सुरू करायचं हे बरेच जण विचारून राहिले म्हणून लिहितो.

पहिले जुन्या चॅटी उतरवून ठेवा. काहून म्हणजे मेसेंजर बंद पडतात. हाइक आपल्याच देशातलं, २०१२ ला आलं, स्टिकर किती मस्त होते त्याचे, जानेवारी २०२१ मध्ये बंद. याहू मेसेंजर २०१८ मध्ये गेलं. बाबांची बदली गडचिरोलीला होती तेव्हा मी बर्डीवरच्या सायबर कॅफेत बसून त्यांच्याशी बोलायचो, "जेवला का" एवढंच लिहायचे ते रोज, ते मेसेंजर बंद झालं अन् बाबाही राहिले नाहीत, त्यातली एक ओळ माझ्याकडे नाही. म्हणून ॲन्ड्रॉइडवर व्हॉट्सॲपची चॅट उघडा, वरचे तीन ठिपके, मोअर, एक्स्पोर्ट चॅट, अन् मीडियासकट घ्या म्हणजे आवाजाचे मेसेजही येतात. फार जुनं सगळं येत नाही, मर्यादा असते, म्हणून दर काही महिन्यांनी करत जा. ग्रुपात ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी, म्हणजे चॅट बाहेर नेऊ न देणारी सेटिंग, चालू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही, ॲडमिनला तेवढ्यापुरतं बंद करायला सांगा.

आता ॲप कोणतं? टेलिग्रामच्या ग्रुपात एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा अन् घेणारा सोडून कंपनीलाही मेसेज वाचता न येणं, ते नसतं, ते फक्त दोघांच्या सीक्रेट चॅटला. झोहो कंपनीचं अराट्टै आहे, तमिळमध्ये अराट्टै म्हणजे गप्पा. मी सिग्नल घेतलं, ते नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेचं आहे अन् तिथं सगळ्याच चॅटी एन्क्रिप्टेड असतात.

खरी अडचण माणसं आणायची. जिथं आपले लोक तिथंच आपण जातो, अन् कंपन्यांची मारामारी याच्यावरच चालते. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन मेसेंजरवरून एओएल या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या मेसेंजरवाल्यांशी बोलता यायचं, एओएलनं ते अडवलं, मायक्रोसॉफ्टनं परत वाट काढली, परत अडवलं, असं महिनोन्‌महिने चाललं अन् शेवटी मायक्रोसॉफ्टनं नाद सोडला. फेसबुकनं २०१४ मध्ये व्हॉट्सॲपसाठी १९ अब्ज डॉलरचा सौदा केला तो तिथल्या माणसांसाठीच. युरोपात आता कायदाच आहे की व्हॉट्सॲपनं दुसऱ्या ॲपला दार उघडून द्यावं, म्हणजे तिकडून इकडे मेसेज करता यावा, आपल्याकडे तसा नाही.

म्हणून "सगळे इकडे या" असा मेसेज टाकू नका, कोणी येत नाही. आम्ही भाचीच्या बारशाचे फोटो फक्त सिग्नलवर टाकले, दोन दिवसांत सतरा जण आले, काकू तर शेजारच्या पोराला धरून ॲप टाकून घेऊन आली. म्हाताऱ्या माणसांजवळ स्वतः बसा. सिग्नलची पिन त्यांच्या औषधाच्या वहीत लिहून द्या, रजिस्ट्रेशन लॉक (पिनशिवाय तो नंबर परत नोंदवू न देणारं कुलूप) लावलेलं असलं अन् पिन विसरली तर सात दिवस अडकून राहावं लागू शकतं.

अन् एक गोष्ट हमखास राहून जाते. बरेच फोन बॅटरी वाचवायला नवीन ॲप मागच्या मागे झोपवतात, मग मेसेज येतो पण आवाज होत नाही, अन् लोक म्हणतात हे ॲप चालतच नाही बाप्पा. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड करा, नोटिफिकेशन चालू आहे का बघा, अन् तिथंच बसून आपल्या फोनवरून एक फोन लावून पहा. आजीच्या फोनची रिंग वाजली तरच उठा.