फुलोऱ्याआधीचे सहा आठवडे: राणी, कामकरी आणि नर यांचे दिवस मोजून मधपेट्या तयार करा

मुख्य फुलोरा अजून दीड महिना लांब असतो, तेव्हाच मधपेटीतले खरे काम सुरू होते. कारण साध्या हिशोबात आहे. मेलिफेरा या युरोपीय मधमाशीच्या जातीत अंडे घातल्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला २१ दिवस लागतात. त्यानंतरचे सुमारे तीन आठवडे ती घरातच राबते. आधी कप्पे साफ करते, मग अळ्यांना भरवते, मेण काढते, बाहेरून आलेला मकरंद उतरवून घेते, दारावर पहारा देते आणि मग कुठे फुलांवर जाते. म्हणजे आज घातलेल्या अंड्यातली माशी फुलावर दिसेल ती साधारण ४२ दिवसांनी. फुले उमललेली पाहून पाक द्यायला सुरुवात केली, तर वाढलेल्या माशा फुले गळाल्यावर कामाला लागतात आणि तोवर पेटीतलाच मध खातात.

म्हणून मुख्य फुलोऱ्याची तारीख धरा आणि तिथून सहा-सात आठवडे मागे या. त्या दिवसापासून १ लिटर पाण्यात १ किलो साखर या प्रमाणातला पाक थोडा थोडा, संध्याकाळी, पेटीच्या आत द्यावा. एकदम भरपूर पाक दिला की माशा तो पिलाव्याच्या, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष यांच्या कप्प्यांत साठवतात आणि राणीला अंडी घालायला जागा उरत नाही. बाहेर सांडलेल्या पाकाने शेजारच्या पेट्यांतल्या माशा लुटीला येतात, तो भाग वेगळाच. मात्र पाकापेक्षा परागाकडे जास्त लक्ष द्यायला हवे. पाकामुळे राणी अंडी घालू लागते, पण अळ्या पोसल्या जातात त्या परागावर. पिलाव्याच्या भोवती रंगीत परागाचा पट्टा दिसत नसेल, तर अळ्यांना भरवणाऱ्या दाई माशा अंडी आणि लहान अळ्या खाऊन टाकतात. अशा पेटीत अंडी रोज दिसतात, पण झाकलेला पिलावा काही वाढत नाही. तिला परागाची फ्रेम (पोळ्याची चौकट) किंवा परागपूरक खाद्य द्या. नुसता पाक वाढवून उपयोग नाही.

अंडे तेच, माशी वेगळी

फळलेल्या अंड्यातून राणीही होते आणि कामकरीही. अंड्यात फरक नसतो. फरक पडतो तो अळीला मिळणाऱ्या खाण्याने. अंडे तिसऱ्या दिवसाअखेर फुटते. सुरुवातीला दाई माशा सगळ्याच अळ्यांना आपल्या डोक्यातल्या ग्रंथींतून स्रवणारा पांढरा रस देतात. तिसऱ्या दिवसानंतर कामकरी अळीच्या खाण्यात मध आणि पराग मिसळू लागतात. राणीच्या अळीला मात्र शेवटपर्यंत हाच रस, म्हणजे राजान्नच मिळते, तेही इतके की ती त्यात अक्षरशः तरंगत असते. चांगले राणीघर, म्हणजे राणी वाढते तो कप्पा, उघडून पाहिले, तर राणी बाहेर पडल्यावरही तळाशी वाळलेल्या राजान्नाचा थर सापडतो. तो थर नसेल, तर त्या राणीची उपासमार झाली असे समजा.

या खाण्यातून केवळ आकार ठरत नाही. मेलिफेरा राणीच्या प्रत्येक अंडाशयात दीडशेच्या आसपास अंडनलिका असतात, कामकरी माशीत मोजक्याच. राणीच्या पायाला परागाची टोपली नसते आणि तिला मेण काढता येत नाही. अळीचे वय जितके वाढलेले, तितकी तिच्यापासून होणारी राणी कमअस्सल. तीन दिवसांपुढच्या अळीची राणी झालीच, तर ती बुटकी, अर्धीमुर्धी निघते. म्हणूनच राणी तयार करताना अळीचे वय ही एकच गोष्ट अशी आहे, जिच्यात तडजोड करू नये असे आम्हाला वाटते.

नराची गोष्ट निराळी. तो न फळलेल्या अंड्यातून होतो, त्यामुळे त्याला आई असते, आजोबा असतो, पण बाप नसतो. ही गोष्ट योहान झिएर्झोन यांनी १८४५ मध्ये मांडली, तेव्हा ती लोकांना सहज पटली नव्हती. राणी पुढच्या पायांनी कप्प्याचे तोंड चाचपते. कप्पा अरुंद असेल तर अंडे फळवून घालते, रुंद असेल तर न फळवता.

मेलिफेराचे दिवस पाठ करून ठेवा. राणी अंड्यात ३ दिवस, अळी म्हणून साधारण ५, झाकलेल्या घरात ८, असे १६ दिवस घेते. कामकरीला ३, ६ आणि १२ असे २१ दिवस लागतात. नर ३, साडेसहा आणि साडेचौदा असे २४ दिवस घेतो. सातेरी या देशी जातीत कामकरी माशी एक-दोन दिवस आधी निघते. पिलाव्यापाशी ३४ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान राहिले, तरच हे दिवस खरे ठरतात. माशा कमी आणि फ्रेमा जास्त अशा पेटीत कडेचा पिलावा गारठतो आणि सगळे लांबते.

पोळे वाचायला शिका

सूर्य पाठीशी घ्या, फ्रेम थोडी तिरकी धरा आणि कप्प्याच्या तळाशी पाहा. अंडे ताजे असेल तर ते तळावर उभे दिसते, दुसऱ्या दिवशी कलते, तिसऱ्या दिवशी आडवे पडते. उभी अंडी दिसली की राणी कालपर्यंत तरी होती हे नक्की. तिला शोधत दहा फ्रेमा उलटसुलट करायची गरज नाही.

कामकरी पिलाव्याची झाकणे जवळजवळ सपाट असतात, नरांची बंदुकीच्या गोळीसारखी फुगीर. सातेरीच्या नराच्या कोषाला मध्यभागी बारीक छिद्र असते. नवखे पाळणारे ते पाहून रोग पडला म्हणून घाबरतात, पण ते तिथे असायलाच हवे. राणीघर शेंगदाण्याच्या शेंगेसारखे, तोंड खाली करून लोंबते. फ्रेमच्या खालच्या कडेला पाच-दहा राणीघरे असतील, तर बहुधा थवा निघायची तयारी आहे. पोळ्याच्या मध्यावर एक-दोनच असतील, तर माशा जुनी राणी बदलत आहेत. ती मोडू नका. मूळ कामकरी कप्पाच वळवून केलेली घरे दिसली, तर राणी अचानक गेली आहे. जागेवरून अंदाज येतो, खात्री होत नाही. पेटीत गर्दी किती, उभी अंडी आहेत का, हेही जोडीने पाहावे.

पहिले राणीघर झाकले जाते त्या सुमारास जुनी राणी अर्ध्याहून जास्त माशा घेऊन निघते. घर झाकले जाते अंडे घातल्यापासून आठव्या-नवव्या दिवशी. त्यामुळे फुलोऱ्याच्या तोंडावर ७ दिवसांनी तपासणी हवीच. १० दिवसांनी पाहणाऱ्याला बऱ्याचदा अर्धी रिकामी पेटी दिसते. नुसती राणीघरे मोडत बसल्याने थवा थांबत नाही. पिलाव्याला जागा वाढवा, वर सुपर (मधासाठीची वरची पेटी) चढवा किंवा स्वतःच विभाजन करा, म्हणजे एका पेटीच्या दोन करा.

नर पिकल्याशिवाय विभाजन नको

विभाजन फसते ते बहुतेक वेळा इथे. पेटीत नर फिरताना दिसले म्हणजे ते मिलनाला तयार आहेत असे नव्हे. बाहेर पडल्यावर नर पिकायला आणखी १२ ते १४ दिवस लागतात. म्हणजे अंड्यापासून ३६-३८ दिवस. राणी मात्र १६ दिवसांत बाहेर येते आणि पाच-सहा दिवसांत मिलनाला तयार होते. राणी आधी आणि नर मागून, असे झाले की राणी वाट पाहत राहते. तीन-चार आठवड्यांत मिलन झाले नाही, तर ती पुढे फक्त नरच घालते.

याला एक सोपी परीक्षा आहे. नरांचे दोन-चार झाकलेले कप्पे सुरीच्या टोकाने उघडा. आतला कोष पांढरा पण डोळे जांभळे असतील, तर तो नर साधारण आठवड्यात निघेल आणि अजून दोन आठवड्यांनी पिकेल. त्या दिवशी राणी तयार करायला घेतली तर दोघांची वेळ जुळते. डोळे पांढरे असतील तर थांबा.

राणी एका-दोन उड्डाणांत डझनभर किंवा त्याहून जास्त नरांशी उडत्या अवस्थेत मिलन करते आणि ते वीर्य आयुष्यभर साठवून वापरते. म्हणून नर एकाच पेटीतले असून चालत नाही. वरोआ माइट या माशांवर जगणाऱ्या परजीवी किडीसाठी नरांचा पिलावा कापून टाकायची पद्धत चांगली आहे, कारण माइटला नराचा कप्पाच जास्त आवडतो. पण राणी तयार करायच्या काळात नर पुरवणाऱ्या पेट्यांतले पोळे कापू नका.

विभाजनाचे पंचांग

राणी आणि झाकलेल्या पिलाव्याच्या दोन-तीन फ्रेमा, सोबत मध-पराग, नव्या जागी न्या. जुन्या जागी उभी अंडी, नुकत्या फुटलेल्या अळ्या आणि भरपूर दाई माशा ठेवा. बाहेर गेलेल्या माशा जुन्याच जागी परततात, त्यामुळे हा भाग दाट राहतो आणि राणी चांगली पोसली जाते. नव्या जागच्या भागात आणखी एका फ्रेमवरच्या माशा झटकून घाला, नाहीतर दोन दिवसांत तो ओस पडतो. सातेरीत कमजोर तुकडा सरळ घर सोडून जातो.

चौथ्या दिवशी बिनराणीचा भाग उघडा. तोवर झाकली गेलेली राणीघरे वयस्क अळ्यांवर बांधलेली असतात. त्यांतली राणी सर्वांआधी निघते आणि चांगल्या बहिणींना घरातच मारते. ती मोडा, उघडी आणि राजान्नाने भरलेली दोन-तीन ठेवा. उघडे एकही नसेल, तर काहीच मोडू नका.

बाराव्या-तेराव्या दिवशी राणी निघते. अठराव्या दिवसापासून मिलनाची उड्डाणे होतात, तीही निरभ्र, कमी वाऱ्याच्या, २० अंशांहून जास्त तापमानाच्या दुपारी. अंडी दिसतात चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवशी. नवी कामकरी माशी येते ती पंचेचाळीस दिवसांनी. जुना पिलावा एकविसाव्या दिवसापर्यंत सगळा निघून जातो. म्हणजे मधले जवळजवळ साडेतीन आठवडे एकही नवी माशी येत नाही. पाच फ्रेमांहून कमी माशांचा भाग हा काळ क्वचितच निभावतो. तयार झाकलेले राणीघर दिले तर दहा दिवस वाचतात, फळलेली राणी दिली तर सुमारे चार आठवडे. याच काळाचा एक फायदाही आहे: झाकलेला पिलावा नसतो, त्यामुळे सगळे माइट माशांच्या अंगावर उघडे पडतात. माइटचा उपाय करायचा तर तेव्हाच करा.

राणी निघाल्यापासून दोन आठवडे पेटी हलवू नका आणि दुपारी उघडू नका. उड्डाणाआधी राणी आपल्या घराची जागा पाहून लक्षात ठेवते. एका ओळीत, एकाच रंगाच्या, एकाच दिशेला तोंड केलेल्या पेट्यांत ती शेजारणीच्या दारात शिरते आणि मारली जाते. दारे वेगवेगळ्या दिशांना करा, पाट्यांना वेगळे रंग द्या.

अळ्या उचलून राण्या वाढवायच्या असतील, तर १२ ते २४ तासांची अळी घ्या. ती जेमतेम अंड्याएवढी, राजान्नात वाकडी पडलेली दिसते. सहज डोळ्यांत भरणारी अळी बहुधा मोठी असते. अळी वाळू नये म्हणून ओल्या फडक्याखाली झाका आणि ज्या बाजूने उचलली तीच बाजू खाली ठेवून राणीघरासाठीच्या कपात सोडा. अळी उचलल्यापासून दहाव्या दिवशी घरे छोट्या पेट्यांत वाटून टाका. बाराव्या दिवसाची वाट पाहिली, तर पहिली निघालेली राणी बाकीची घरे फोडून ठेवते. नेताना घरे आडवी किंवा उलटी करू नका, झटके देऊ नका.

पिलावा विस्कळीत दिसला तर

एका कप्प्यात तीन-चार अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, अरुंद कप्प्यांवर फुगीर झाकणे: कामकरी माशाच अंडी घालू लागल्या आहेत. त्यांचे पोट कप्प्याच्या तळापर्यंत पोचत नाही. त्यांना थेट राणी दिली तर मारतात. आठवड्याला एक याप्रमाणे तीन आठवडे उघड्या अळ्यांची फ्रेम द्या. पिलाव्याच्या वासाने त्यांची अंडाशये दबतात आणि मग माशा स्वतःच राणीघर बांधू लागतात. पेटी फारच लहान राहिली असेल, तर दुसरीत मिसळणे स्वस्त.

अंडे एकेकच, तळाच्या मध्यावर, पण झाकणे सगळी फुगीर असतील, तर राणी आहे; ती फळलेली नाही किंवा तिच्याकडचे वीर्य संपले आहे. ती शोधून काढल्याशिवाय नवी देऊ नका.

तिसरा प्रकार ओळखायला अवघड. झाकलेल्या पिलाव्यात सगळीकडे रिकामी भोके, पण मेलेली अळी एकही नाही. रोगात मेलेल्या, रंग बदललेल्या अळ्या सापडतात. इथे कप्पे चकचकीत साफ असतात. राणी सख्ख्या नात्यातल्या नरांशी जुळली की फळलेल्या अंड्यांतूनही काही नर होऊ लागतात आणि माशा त्या अळ्या फुटताच खाऊन टाकतात. नाते फार जवळचे असेल तर निम्मा पिलावा असा जातो. खाद्य वाढवून हे सुधारत नाही. त्या राणीच्या जागी दुसऱ्या वंशाची राणी द्यावी लागते.

आणि पेटीत राणीच नाही असे वाटले, तरी लगेच विकतची घालू नका. निसटती, न फळलेली राणी डोळ्यांना सहज सापडत नाही. दुसऱ्या पेटीतली उभ्या अंड्यांची एक फ्रेम खूण करून मध्ये ठेवा आणि चौथ्या दिवशी पाहा. त्यावर राणीघरे सुरू झाली असतील, तर पेटी खरोखरच बिनराणीची आहे. नसतील, तर आत कोणीतरी आहे. आणखी दहा दिवस पेटी बंद ठेवा.