६९ची कॅमॅरो, पाचवा गिअर आणि बॉक्स ऑर्डर करायच्या आधीची तयारी

मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ पडायला लागलं की जुन्या गाड्या गॅरेजात जातात आणि मग एप्रिलपर्यंत माणसाला कॅटलॉग चाळण्यापलीकडे उद्योग राहत नाही, आणि कॅटलॉग उघडला की पहिला डोळा जातो तो सहा गिअरवाल्या बॉक्सवर, कारण जुना चार गिअरचा बॉक्स काढून ओव्हरड्राइव्हवाला, म्हणजे हायवेवर इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर असलेला गिअरबॉक्स टाकायचा असतो. कॅटलॉग बंद करा. बॉक्स ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे, तयारी सुरू होते ती मागच्या चाकापासून, त्यामुळे आधी टेप, खडू आणि एक वही घेऊन गाडीखाली जा.

मी इथे १९६९ची कॅमॅरो धरून चाललोय, ३५० क्युबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक, मागे मन्सीचा, म्हणजे त्या काळचा जीएमचा, चार गिअरचा बॉक्स, कारण डेट्रॉइटच्या आसपास आपली गाडी कंपन्यांत काम करणारी जी मंडळी आहेत त्यांच्यापैकी कुणाला जुन्या गाडीचा किडा चावला तर बहुतेक वेळा कॅमॅरो नाहीतर मस्टँगच घरी येते. मस्टँगवाल्यांनी आकडे बदलून घ्यावेत, क्रम तोच.

पहिलं काम, टायरची खरी उंची. साइडवॉलवर लिहिलंय त्यावर जाऊ नका, टायरला खडूने खूण करा, गाडी ढकलत बरोबर एक फेरा पुढे न्या, जमिनीवरचं अंतर मोजा आणि ३.१४ने भागा. २६ इंचाच्या आसपास येईल. मग डिफ्रन्शियलचा रेशो, आणि तोसुद्धा विकणाऱ्याने सांगितलाय म्हणून मानू नका, पन्नास वर्षांत मागचा एक्सल कितीदा उघडला गेलाय हे त्यालाही माहीत नसतं. पॉझी, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफ, असेल तर दोन्ही चाकं उचलून चाक एक फेरा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजा, साधा ओपन डिफ असेल तर एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं दोन फेरे फिरवा. पावणेचारच्या जरा आत आलं तर ३.७३, तीन आणि वर थोडंसं आलं तर ३.०८. हे वहीत लिहा.

आता गणित, आणि हे न करता पैसे खर्च करणारे लोक मी खूप बघितलेत. मैल प्रतितास गुणिले डिफचा रेशो गुणिले गिअरचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचात, की इंजिनचे आरपीएम आले. मन्सीचा चौथा गिअर म्हणजे सरळ १.००, M20 घ्या की M21 घ्या, मन्सीचे हे दोन प्रकार. म्हणजे ३.७३च्या डिफवर ७० मैलांना, म्हणजे आपल्या ११२ किलोमीटरला, इंजिन ३,३७० च्या पुढे ओरडतंय, आणि I-75 हायवेवर तासभर तसं चालवलं की रेडिओ लावण्यात काही अर्थ उरत नाही. तेव्हा पेट्रोल स्वस्त होतं आणि डिफ निवडायचा तो सिग्नलवरून सुटण्यासाठी, हायवेचा विचार कुणी फारसा केलेला नव्हता. आता त्याच गाडीत ०.६८चा पाचवा गिअर टाकला की ७० मैलांना साधारण २,३०० येतात. एवढाच सगळा खेळ आहे.

पण हेच ०.६८ जर ३.०८च्या डिफला लावलं तर १,९०० वर येतो आणि तिथे पुढचा प्रश्न विचारावा लागतो, तुमचा कॅम, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट, कुठला आहे. साधा फॅक्टरी कॅम असेल तर १,९०० ला इंजिन मजेत चालतं, पण आधीच्या मालकाने आयडलला गाडी डुलावी म्हणून मोठा कॅम टाकला असेल तर दोन हजारांच्या खाली ते धक्के देतं, कण्हतं, आणि तुम्ही पाचवा गिअर टाकून परत चौथ्यात येत बसता, मग ओव्हरड्राइव्ह घेतला कशाला. म्हणून कॅमचं कार्ड शोधा, नसेल तर गाडी चालवून कुठल्या आरपीएमपासून इंजिन गुळगुळीत ओढायला लागतं ते लिहून ठेवा. क्रूझिंगचा आकडा त्याच्या वर राहिला पाहिजे.

तसंच पहिल्या गिअरचं. पहिल्या गिअरचा रेशो आणि डिफचा रेशो यांचा गुणाकार दहाच्या आसपास असला की रस्त्यावरची गाडी सुखाने उठते असा माझा अंदाज, नऊ ते अकरा चालतं. जुना M20 म्हणजे २.५२, ३.७३ने गुणलं की ९.४. ट्रेमेक कंपनीचा पाच गिअरचा TKX बॉक्स २.८७च्या पहिल्या गिअरमध्ये घेतला तर १०.७, छान. तोच बॉक्स ३.२७च्या पहिल्यात मिळतो, त्याला पाचवा ०.७२ येतो, आणि ३.७३वर त्याचा गुणाकार बारा पार करतो म्हणजे पहिला गिअर टाकला न टाकला तोच दुसरा टाकायची वेळ. पण ज्याच्याकडे ३.०८चा डिफ आहे आणि तो बदलायचा नाहीये त्याला हाच ३.२७वाला सेट बरोबर बसतो, गुणाकार दहा येतो आणि ७० मैलांना बरोबर दोन हजार. २.८७ मध्ये पाचवा ०.६८ किंवा ०.८१ असा पर्याय असतो, ०.८१ हा ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी, ४.१० डिफवर तो लावला तर हायवेवर तीन हजारच राहतात, आपल्याला काय उपयोग नाही.

मग टॉर्क. १९६९च्या ३०० हॉर्सपॉवरवाल्या ३५० चा कागदावरचा टॉर्क ३८० पाउंड-फूट, आणि तो त्या काळच्या ग्रॉस पद्धतीने, इंजिन गाडीबाहेर एकटं चालवून मोजलेला, म्हणजे प्रत्यक्षात कमीच. TKX ६०० पाउंड-फूटला रेट केलेला आहे, ट्रेमेकचाच सहा गिअरचा टी-५६ मॅग्नम ७०० ला. जुन्या ५.० लिटरच्या मस्टँगमधून काढलेला पाच गिअरचा टी-५ स्वस्तात मिळतो आणि लोक मोहात पडतात, पण त्याचं फॅक्टरी रेटिंग साधारण २६५ ते ३०० आहे, वेगळा मिळणारा टी-५झेडसुद्धा ३३० चा, फोर्डच्या साध्या २८९ क्युबिक इंचाच्या इंजिनामागे तो वर्षानुवर्षं टिकेल पण ३५० ला रुंद चिकट टायर लावून क्लच सोडलात तर तिसऱ्या गिअरचे दात तळाच्या तेलात सापडतील. नरम पायाने चालवणार असाल तर चालतोही, मी भांडणार नाही, पण नरम पायाने चालवायला कुणी मसल कार घेत नाही ना.

सहा गिअरचं सांगतो, कारण सगळ्यांना तोच पाहिजे असतो. मॅग्नम बॉक्स उत्तम आहे, त्यात वादच नाही, पण तो मोठा आणि जड आहे, कॅमॅरोत बसवताना फ्लोअरचा टनेल कापून वेल्ड करावा लागतो. TKX मुळात ट्रेमेकच्याच आधीच्या TKO बॉक्सपेक्षा आटोपशीर बनवलाय तो जुन्या टनेलमध्ये जावा म्हणूनच, त्यात हातोडीचे चार फटके मारून भागलं तर भागतं. आणि मॅग्नमच्या एका सेटमध्ये सहावा ०.५० असतो, ३.७३वर ७० मैलांना १,७०० सुद्धा होत नाहीत, मोठ्या कॅमवाल्याने तो गिअर फक्त मित्रांना दाखवायला ठेवायचा. दुसऱ्या सेटमध्ये सहावा ०.६३, म्हणजे TKX च्या पाचव्याच्या जवळपास तिथेच येऊन पोचलो. माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या ३५० ला पाच गिअर पुरे, वाचलेल्या पैशात क्लच चांगला घ्या.

टनेल कापायचा विषय निघालाच आहे तर कुठल्याही खरेदीच्या आधी जुन्या मन्सीवर आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर बघा, ६९ मध्ये गाडीच्या व्हिन नंबरचा, म्हणजे चासी नंबरचा, काही भाग त्यांच्यावर ठोकलेला असतो. तो गाडीशी जुळला तर तुमच्याकडे मॅचिंग नंबरची गाडी आहे आणि अशा गाडीचा फ्लोअर कापणं म्हणजे हाताने किंमत उतरवणं. मन्सी विकू नका, तेल भरून, तोंडं बंद करून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवा. उद्या गाडी विकायची वेळ आली तर घेणारा आधी तोच मागतो.

आता वहीचं दुसरं पान, जिथे बजेट खरं फुटतं, कारण बॉक्सच्या बाहेरचं सामान हा जवळजवळ दुसरा बॉक्सच असतो आणि घरी सांगताना फक्त बॉक्सची किंमत सांगितली तर नंतर अवघड जातं. १९७० पर्यंतच्या बहुतेक मन्सीचा इनपुट शाफ्ट १० स्प्लाइनचा (शाफ्टवरच्या खाचा), TKX चा जीएमवाला २६ स्प्लाइनचा, म्हणजे क्लच प्लेट नवीन. मागच्या टोकाला मन्सी २७ स्प्लाइन, TKX ३१, म्हणजे स्लिप योक, प्रोपेलर शाफ्टचं बॉक्समध्ये सरकणारं तोंड, नवीन. फ्लायव्हील १५३ दातांचं आहे की १६८ ते मोजा, स्टार्टर त्यालाच जुळणारा लागतो, आणि इंजिन व बॉक्स जोडणारं बेल हाउसिंगही. फ्लायव्हील बदलत असाल तर ब्लॉकचं वर्ष विचारात घ्या, १९८६ पासूनच्या ३५० चं रिअर सील वेगळं, क्रँकचे बोल्ट वेगळे, बॅलन्स वेगळा, आणि "६९ची गाडी" म्हणून विकलेल्या कितीतरी गाड्यांत नंतरचं इंजिन बसलेलं असतं. गाडी मूळची ऑटोमॅटिक असेल तर क्लच पेडल, झेड-बार (पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणारा दांडा) आणि त्याचा ब्लॉकवरचा गोळा, फायरवॉलचं भोक, हे सगळं यादीत जोडा. पायलट बेअरिंग, म्हणजे क्रँकच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणारं, दोन्ही केसमध्ये नवीनच टाका, किरकोळ किमतीची गोष्ट आहे आणि ती विसरलात तर सगळं परत खाली उतरवावं लागतं.

क्लच रॉडचा ठेवायचा की हायड्रॉलिक करायचा यावर लोक तासनतास बोलतात. जुना झेड-बार हेडरला, म्हणजे एक्झॉस्टच्या नळ्यांना, लागत नसेल आणि बुश झिजले नसतील तर राहू द्या, चालतोय तो. हेडर आडवे येत असतील तर हायड्रॉलिक घ्या, पण मग रिलीज बेअरिंग आणि डायफ्रामच्या बोटांमधला गॅप किटबरोबर आलेल्या कागदाप्रमाणे मोजून शिम, म्हणजे पातळ चकत्या, टाका, अंदाजाने नाही.

आणि ज्या कामाला सगळे टाळतात ते म्हणजे बेल हाउसिंगचं सेंटर तपासणं. मन्सी रांगडा होता, थोडं वाकडं बसलं तरी निभावून न्यायचा, नवीन बॉक्स तसे नाहीत, गिअर अडकणं, पाचव्यात आवाज येणं, बेअरिंग लवकर जाणं, यातलं निम्मं इथून येतं आणि मग बॉक्सला शिव्या पडतात. डायल गेज भाड्याने नाहीतर मित्राकडून आणा, फ्लायव्हीलवर मॅग्नेटने लावा, क्रँक हाताने फिरवत बेलच्या मधल्या भोकाची कड पूर्ण फेरा तपासा. काटा एकूण ०.००५ इंचाच्या आत राहिला तर देवाची कृपा, नाहीतर बेल सरकवणाऱ्या ऑफसेट डॉवेल पिना मिळतात, ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ चे, आणि काटा जेवढा हलला त्याच्या निम्मा डॉवेल लागतो, म्हणजे ०.०१४ हलला तर ०.००७ वाला. हे काम बॉक्स यायच्या आधीच करून ठेवता येतं, म्हणून तर तयारीत आहे.

प्रोपेलर शाफ्ट मात्र आधी ऑर्डर करू नका. बॉक्स बसू दे, क्रॉसमेंबर बसू दे, गाडीचं वजन चाकांवर असू दे, मग योक पूर्ण आत ढकलून साधारण पाऊण ते एक इंच बाहेर ओढा आणि दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटच्या क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. त्याच वेळी अँगल बघा, डिजिटल गेज पंचवीस-तीस डॉलरला येतो. बॉक्सची शेपटी दोन-तीन अंश खाली, आणि मागच्या पिनियनची, म्हणजे डिफमध्ये शिरणाऱ्या शाफ्टची, लाइन तिला समांतर, दोन्ही क्रॉसवरचा कोन सारखा आणि तीन अंशांच्या आत, पण शून्य पण नको, क्रॉसमधल्या सुयांना थोडं फिरायला लागतं. जमत नसेल तर कॅमॅरोला मागे पाटे आहेत, पाचर टाकून पिनियन फिरवता येतो. एक गैरसमज इथे बघितलाय, ओव्हरड्राइव्ह टाकला की शाफ्टही हळू फिरतो असं लोकांना वाटतं. नाही. शाफ्टचे फेरे गाडीचा वेग, टायर आणि डिफवर ठरतात, हळू होतं ते फक्त इंजिन. म्हणून पाचवा गिअर आलाय तर आता डिफ ४.१० करू म्हणणाऱ्याने शाफ्टचा बॅलन्स आधी बघावा, ७० मैलांना तो ३,७०० ने फिरणार आहे आणि पाचव्यात इंजिन शांत असल्याने थरथर जास्तच जाणवणार आहे.

स्पीडोमीटरचंही तसंच, तो बॉक्सच्या आउटपुटवरून चालतो, पाचव्या गिअरने चुकत नाही. TKX वर केबलची आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही सोयी आहेत, जुना काटा ठेवणार असाल तर डिफ आणि टायरप्रमाणे छोट्या प्लास्टिक गिअरचे दात मागतानाच सांगा. रिव्हर्स लाइटचा स्विच जोडा. रिव्हर्स आता पाचव्याच्या खाली आहे, मन्सीत डावीकडे होता, हाताला सवय होईपर्यंत पार्किंगमध्ये जपून. कन्सोल असेल तर लिव्हर कुठे बाहेर येतो ते पुठ्ठ्याचा साचा करून आधी बघा.

तेल शेवटी. यात जाडं गिअर ऑइल घालायचं नाही, डेक्सरॉन-३ प्रकारचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, बॉक्सच्या कागदावर लिहिलंय तेच आणि तेवढंच, जमिनीवर गाडी सपाट उभी करून. पहिले ५०० मैल गिअर ओढून मारायचे नाहीत, क्लच पण तेवढ्यात बसतो. मार्चअखेर सामान हातात, एप्रिलच्या पहिल्या दोन पावसांनी रस्त्यावरचं मीठ धुऊन जातं, म्हणजे ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर सगळ्या जुन्या गाड्या उतरायच्या आत हे ५०० मैल आरामात होतात.