गॅपनंतर रिसर्चमध्ये परत कसं यायचं

पीएचडी झाली, मग बाळ, नवऱ्याची बदली आणि लॅब सुटली ती सुटलीच, असं झालं असेल तर आधी केंद्राच्या डीएसटीची (विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग) महिला शास्त्रज्ञांसाठीची वाईज-किरण योजना बघा. त्यातली वाईज-पीडीएफ (पीएचडीनंतरची रिसर्च फेलोशिप) 27 ते 60 वयासाठी आहे, म्हणजे चाळिशी उलटली म्हणून कुणी टोमणे मारले तर मारू देत. बायोटेकवाल्यांनी डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) बायोकेअर ही महिला शास्त्रज्ञांसाठीची योजनाही बघायची.

खरी मेहनत मेंटर शोधण्यात आहे, कारण जिथे काम करणार त्या होस्ट संस्थेच्या संमतीशिवाय गाडी पुढे सरकत नाही, म्हणून जाहिरात यायची वाट न बघता जुन्या गाइडला आत्ताच मेल टाका, सोबत दोन पानी आयडिया जोडा. गॅप लपवू नका हं, योजनाच त्यासाठी आहे! लॅब नकोच असेल तर वाईज-किरणमधल्याच वाईज-आयपीआर या ट्रेनिंगमधून पेटंटचं काम शिका.