सबमशीन गनबद्दल लिहिताय? मग या चुका टाळा

बातमी असो, रहस्यकथा असो की वेबसिरीजची संहिता, आखूड बंदूक दिसली की मराठीत तिची दोनच नावं होतात : स्टेनगन नाहीतर एके-४७. दोन्ही बहुतेक वेळा चुकीची असतात.

स्टेन ही दुसऱ्या महायुद्धातली, १९४१ पासूनची ब्रिटिश बंदूक. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसली ती बहुतांशी तिच्यानंतरची स्टर्लिंग. कानपूरच्या कारखान्यात बनणारी, सरकारी नाव ‘९ मिमी कार्बाइन १ए१’. दोन्हींचं मॅगझिन डाव्या बाजूला आडवं बसतं, त्यामुळे गल्लत होते. पण स्टर्लिंगचं मॅगझिन वक्र असतं आणि नळीवर भोकांचं आवरण. इंदिरा गांधींच्या हत्येच्या खटल्यात सतवंतसिंगच्या हातातल्या शस्त्राला ‘सॅफ कार्बाइन’ म्हटलंय, म्हणजे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीची हीच बंदूक. लोकांच्या तोंडी मात्र आजही स्टेनगनच.

एके-४७ लिहिणं ही तर जातच बदलणारी चूक. सबमशीन गन पिस्तुलाचं काडतूस झाडते, एके रायफलचं. एमपी५ या जर्मन सबमशीन गनची ९ मिमी गोळी नळीतून साधारण सेकंदाला ४०० मीटर वेगाने निघते, एकेची सातशेच्या आसपास. २६/११ला हल्लेखोरांकडे एके जातीच्या रायफली होत्या आणि एनएसजीच्या कमांडोंकडे एमपी५ दिसत होत्या. त्या रात्रींवर लिहिताना सगळ्यांच्या हाती एकच शस्त्र देऊ नका.

लांबीवरून जात ठरवू नका. रशियाची एकेएस-७४यू दिसायला आटोपशीर, पण तिच्यात ५.४५ मिमीचं रायफलचं काडतूस जातं. इस्रायली एक्स-९५ तर ५.५६ मिमीतही येते आणि ९ मिमीतही, त्यामुळे नुसता फोटो बघून तिला सबमशीन गन म्हणायचं धाडस मी करणार नाही. ‘कार्बाइन’ (मुळात आखूड रायफल) हे नावही पुरावा नव्हे. वरची १ए१ कार्बाइन म्हणवते आणि आहे सबमशीन गनच. अस्मीचा प्रकार याच्या उलट. पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने आणि महूच्या इन्फन्ट्री स्कूलने मिळून चार महिन्यांत उभं केलेलं हे शस्त्र संरक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२१मध्ये ‘मशीन पिस्तूल’ म्हणून जाहीर केलं. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. पिस्तूल शब्द ऐकून कमरेच्या होल्स्टरमध्ये मावणारी वस्तू डोळ्यांसमोर आणू नका : नळी आठ इंचांची, मॅगझिन ३३ गोळ्यांचं. वरचा भाग विमानात वापरतात तशा ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, आणि ट्रिगरचे काही भाग थ्रीडी प्रिंटिंगने घडवलेले. कामाच्या दृष्टीने ती सबमशीन गनच्या पंक्तीतलीच.

सगळ्यात फसवा असतो तो आकडा. इन्सास रायफल ५.५६ मिमी, आणि पुण्यातच आराखडा झालेली जेव्हीपीसी, म्हणजे जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइन, हीसुद्धा ५.५६ मिमी. म्हणून ‘दोघींना एकच गोळी चालते’ असं बिनदिक्कत छापून येतं. इन्सासचं काडतूस ५.५६×४५, जेव्हीपीसीचं ५.५६×३०. पहिला आकडा गोळीची जाडी सांगतो, दुसरा काडतुसाच्या पितळी नळकांड्याची लांबी सांगतो. जेव्हीपीसीच्या काडतुसात दारू कमी, म्हणून धक्का कमी आणि शस्त्र हलकं ठेवता येतं. बेल्जियमच्या पी-९०चं ५.७×२८ आणि जर्मन एमपी७चं ४.६×३० याच विचारातून आले : पिस्तुलाच्या गोळीला अंगावरचं चिलखत भेदता येईना, तेव्हा बारीक आणि वेगवान गोळी. या दोघींना बरेच जण सबमशीन गन न म्हणता पीडीडब्ल्यू, म्हणजे पर्सनल डिफेन्स वेपन, म्हणतात. दोन्ही शब्द चालतील, पण एकाच लेखात अदलाबदल करू नका.

पटकथाकारांनो, थोडं गणित करा. एमपी५ मिनिटाला ८००च्या आसपास गोळ्या झाडते, मॅगझिनमध्ये असतात ३०. चाप दाबून धरला तर सव्वादोन सेकंदांत खेळ खलास. नायक संवाद म्हणत अर्धा मिनिट अखंड झाडत राहतो, त्याचं मॅगझिन बदललेलं एकदा तरी दाखवा. पी-९०मध्ये ५० गोळ्या असतात, तरी हिशोब साडेतीन सेकंदांच्या आतच संपतो. तिचं मॅगझिन वर आडवं असतं आणि रिकामी काडतुसं खाली पडतात, हेही कॅमेऱ्याला सांगा. उजवीकडे उडणारं पितळ तिथे चूक.

सायलेन्सर लावला की नुसतं ‘फुस्स’ होत नाही. आवाज दबतो, पण बोल्टची खटखट राहतेच.

आणि कथेतल्या उद्योगपतीच्या ड्रॉवरमध्ये ‘लायसन्सची एमपी५’ ठेवू नका. शस्त्र अधिनियम १९५९नुसार आपोआप फैरी झाडणारी शस्त्रं निषिद्ध वर्गात येतात. ती पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसारखी जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज करून मिळत नाहीत. त्याच्याकडे ती असेल, तर ती कुठून आली हे कथेत सांगावं लागेल.