एडीएचडी असताना दुकानाचा हिशोब कसा बसवावा

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि गोष्टी ध्यानात ठेवणं अवघड करणारी मेंदूची स्थिती. ‘नंतर लिहू’ म्हटलेली उधारी ती असलेल्याच्या डोक्यातून सहज निसटते. म्हणून वही गल्ल्याजवळ सुतळीने बांधा, पेनही तिलाच. माल गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी नाव, रक्कम, तारीख लिहा. आपल्याकडे उधारी सोयाबीन नाहीतर कापूस विकल्यावर फिटते. तोवर कित्येक महिने तिला वहीचाच आधार, म्हणून हे सगळ्यात आधी.

धंद्याचं बँक खातं वेगळं काढा, दुकानातला क्यूआर त्याच खात्याचा लावा. त्यासाठी धंद्याचा कागद लागला तर उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) आधारवर ऑनलाइन होते, सरकारी फी शून्य.

रात्री गल्ला मोजायला १५ मिनिटांचा गजर ठेवा. एखादी रात्र चुकली तर मागचं जुळवत बसू नका, त्यातच वही कायमची सुटते. आजची शिल्लक मोजा, तीच नवी सुरुवातीची रक्कम धरा.