घरातल्या माणसाला उठता-बसता त्रास होतोय? बाथरूममध्ये आधी हे करा

गुडघे गेलेत, पॅरालिसिस होऊन गेलाय किंवा खुब्याचं ऑपरेशन झालंय, अशा माणसासाठी सगळं बाथरूम तोडायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. दुकानात जायच्या आधी त्यांना कपड्यांवरच एकदा आत चालून, कमोडवर बसून उठायला सांगा, तुम्ही जवळ उभं राहा आणि हात आपोआप कुठे जातो ते बघा. कुणी बेसिन धरतं, कुणी नळ, कुणी टॉवेलचा रॉड. जिथे हात जातो तिथे पेन्सिलने खूण करा, धरायचा दांडा तिथेच हवा.

टॉवेलचा रॉड माणसाचं वजन घ्यायला बनवलेलाच नसतो, आणि ते सक्शनवाले हँडल तर अजिबात घेऊ नका, आत थोडी हवा शिरली की कधी निसटेल सांगता येत नाही. स्टीलचा ग्रॅब बार, म्हणजे भिंतीला पक्का बसणारा धरायचा दांडा घ्या, जाडी 32 ते 40 मिमी म्हणजे मूठ नीट बसते, आणि भिंत नि दांड्यात अंतर साधारण 4 सेमी, फार जास्त ठेवलं तर तोल गेल्यावर हात मधे घुसून अडकतो.

खरा प्रश्न भिंतीचा आहे. विटेची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) चालतो, पण नव्या बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा सायपोरेक्सचे हलके ब्लॉक असतात, त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी वजन पडलं की उपटून येते, तिथे केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) लावायला सांगा. टाइल ठोकून बघा, पोकळ वाजली तर त्या जागी ड्रिल नको. आणि बसवून झाल्यावर प्लंबर जायच्या आधी घरातल्या धडधाकट माणसाने पूर्ण वजन टाकून ओढून बघायचंच, हलला तर परत करून घ्या, यात भिडस्तपणा नको.

कमोडजवळ बाजूच्या भिंतीवर सीटपासून 20-25 सेमी वर एक आडवा दांडा आणि त्याच्या पुढे उठताना धरायला एक उभा. पॅरालिसिस असेल तर ज्या हातात जोर आहे त्या बाजूला, त्या बाजूला भिंतच नसेल तर मागच्या भिंतीवर बसणारा फोल्डिंग बार मिळतो. कमोडची उंची सीटसकट 45-48 सेमी असली की उठणं बरंच सोपं जातं, पण बसल्यावर पाय पूर्ण टेकले पाहिजेत, बुटक्या माणसाला उगाच उंच करू नका. कमोड बदलायचा नसेल तर सीटची उंची वाढवणारा क्लॅम्पवाला टॉयलेट सीट राइझर लावा, आणि भारतीय संडास असेल तर त्यावर कमोड चेअर ठेवता येते, मेडिकलचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडे विचारा, ऑपरेशननंतरच्या काही महिन्यांसाठी विकत घ्यायला लागत नाही.

आंघोळ पाटावर बसून करणं बंद. पायांना रबरी बूट असलेली, हाताची शॉवर चेअर हवी, अंगणातली प्लास्टिकची खुर्ची साबणाच्या पाण्यावर सरकते. बादली स्टुलावर ठेवा म्हणजे वाकायला नको, साबण आणि मग्गा बसल्या जागी हाताशी. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. डायबेटिसमुळे पाय बधिर झाले असतील तर पाणी दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघावं, कारण त्यांना पाय भाजलेला कळतच नाही.

जमिनीत ड्रिल मारू देऊ नका, वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या फ्लॅटमध्ये गळती सुरू. सुटं पायपुसणं काढून टाका, उंबऱ्याच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी लावा. व्हीलचेअर असेल तर उतार 1 ला 12, म्हणजे 2 इंची उंबऱ्याला 2 फूट लांब.

दाराचं मात्र पुढे ढकलू नका. आत उघडणारं दार असेल आणि माणूस दाराजवळ पडला तर त्याच्याच अंगाला दार अडतं, बाहेरून उघडता येत नाही. बाहेर उघडणारं करून घ्या, आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल असं लॉक बसवा. वायरलेस बेलचं वॉटरप्रूफ बटण मिळतं, ते जमिनीपासून फूटभर उंचीवर चिकटवा, पडल्यावर तिथपर्यंतच हात पोचतो.